कूमच्या कामाला मीटर लावायचा नसतो

नव्या न्हाणीघरातला तो स्विच पहिल्यांदा पडला तेव्हा मी गिझरला शिव्या घातल्या. पुन्हा पडला तेव्हा सुनेला घातल्या, कारण स्विच तिनं आणलेला. क्रुशेवाच शहरातल्या दुकानातून स्वतः निवडून आणला आणि घरी आल्या आल्या मला दाखवला. "आई, वीज कुठं गळायला लागली की हा आपोआप पडतो. माणूस मरायच्या आधी पडतो." मी म्हटलं, बरं बाई, लाव. पण तो मेला ऊठसूट पडायचा. अंगाला साबण लावून मी अंधारात उभी, वरून गार पाणी, आणि बाहेरून वुकाशिन ओरडतोय की टीव्ही बंद झाला. वुकाशिन म्हणजे माझा नवरा. त्याला घर कोसळलं तरी चालेल, टीव्ही चालू पाहिजे.

दून्या, माझी सून, इलेक्ट्रिशियन आहे. माझ्या मुलानं, लाझारनं, लग्नाआधी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, दुकानात बल्ब विकत असेल. तर नाही. बाई शाळेत हेच शिकली, मग परीक्षा दिली, लायसन काढलं. आता शहरातल्या एका कंपनीत आहे. कुणाचं नवं घर बांधून झालं की ही मीटर घेऊन जाते, भिंतीतल्या वायरी तपासते, आणि हिची सही झाल्याशिवाय त्या घराला वीज मिळत नाही. माझा लाझार ऑस्ट्रियात ट्रक चालवतो, नाताळात आणि ऑगस्टात घरी येतो. एरवी घरात आम्ही दोघं म्हातारे, दून्या आणि माझी नात इवा. इवा नुकती पळायला लागलीय. सून कामाची आहे हे मी मनातल्या मनात तेव्हाही कबूल करायची. तोंडावर कधी म्हटलं नाही. सासूनं म्हणायचं असतं का ते?

आमच्या गावात खोली वाढवायची तर मजूर लावत नाहीत. गावच हातभार लावायला येतं आणि घरच्या बाईनं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. न्हाणीघर असंच उभं राहिलं. विटा वुकाशिननं आणि शेजाऱ्यांनी रचल्या, आणि विजेचं काम अर्थातच कूम दोब्रोसावनं केलं. दुसरं कोण करणार? दोब्रोसाव आमचा कूम. लाझारच्या लग्नात साक्षीला तोच उभा होता, बाप्तिस्म्याला इवाला हातांवर घेऊन तोच उभा होता, आणि त्याच्या बापानं वुकाशिनला तसंच घेतलं होतं. सख्ख्या भावाशी भांडण झालं तर वर्षभर अबोला धरून माणूस पुन्हा बोलायला लागतो. कूमला दुखावलं तर नातवंडांपर्यंत तोंड वर करता येत नाही. दोब्रोसाव लाकडाच्या गिरणीत फिटर होता. वीज तो कुठं शिकला? बघून बघून. पण अर्ध्या गावाच्या वायरी त्याच्या हातच्या, आणि कुणाकडून त्यानं कधी काही घेतलं नाही. जेवायचा, दोन घोट राकियाची दारू घ्यायचा आणि घरी जायचा. अशा माणसाला कोण काय बोलणार?

दून्या त्या दिवशी कामावर होती. संध्याकाळी आली तोवर भिंती बंद होऊन गिलावाही झाला होता. मग स्विच सारखा पडायला लागला तेव्हा एका संध्याकाळी तिनं स्क्रू काढून एक सॉकेट उघडलं आणि तशीच उकिडवी बसून राहिली.

"आई, इकडं या जरा."

"मी कोबी भरतेय."

"या म्हणते ना."

गेले. तिनं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं बोटाच्या पेराएवढा वायरीचा तुकडा दाखवला. "ही न्यूट्रल. वीज हिच्यातून परत जाते. आणि ही अर्थिंगची पिन. घरात अर्थिंगची वायरच नाही, म्हणून कूमनी हा तुकडा टाकून दोन्ही एकत्र बांधल्या. आता गिझरचा पत्रा, पाइप, नळ, सगळं या एका न्यूट्रलच्या भरवशावर आहे. ती बाहेर कुठं तुटली, तर..."

"गावात सगळ्यांकडे असंच आहे," मी म्हटलं. "तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे. कुणी मेलंय?"

"माझा स्विच उगाच पडत नाही आई. या तुकड्यामुळं पडतो. तो हेच सांगतोय."

तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं आणि दोब्रोसाव आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की रोसाच्या, म्हणजे माझ्या घरी सारखा अंधार होतोय. दून्या उठून मीटर घेऊन आली. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं.

"कूमच्या कामाला मीटर लावायचा नसतो," मी दबक्या आवाजात म्हटलं. "शहरातल्या परक्या लोकांच्या घरात लाव काय लावायचं ते."

"मीटर काही शिवी नाही, आई."

"त्याच्यासाठी आहे."

दोब्रोसावनं बोर्ड उघडला, दून्याचा स्विच बघितला आणि हसला. वाईट हसला नाही, लेकराच्या खेळण्याला हसावं तसा हसला. "बाळा, हे शहरातल्या नाजूक लोकांसाठी असतं. कुणी शिंकलं तरी पडतं." दोन मिनिटांत त्यानं स्विच बाहेर काढून वायरी थेट जोडल्या. गिझर चालू झाला, टीव्ही चालू झाला, वुकाशिननं राकियाची बाटली काढली. दून्यानं तो काढलेला स्विच उचलला आणि इवाला घेऊन खोलीत निघून गेली. मला तिचा राग आला. पाहुण्यासमोर असं तोंड पाडून जातात का?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्या घराच्या संताचा दिवस, आमची स्लावा, आठवड्यावर आली होती. पन्नास माणसं जेवायला, पहिला मान कूमचा.

"स्लावा होईपर्यंत मी गप्प बसते," ती म्हणाली. "तुमचं नाक कापलं जायला नको. पण स्लावा झाली की मी सगळी सॉकेटं उघडणार, आणि तोवर एक शब्द द्या मला. नळाला, गिझरला, मशीनला, कशालाही हात लावल्यावर चावल्यासारखं वाटलं, नुसत्या मुंग्या आल्या, तरी मला सांगायचं. त्याच मिनिटाला. कामावर असले तर फोन करायचा."

"सांगेन."

"शब्द द्या."

"दिला गं बाई, दिला. आता त्या ताटल्या पुसायला घे."

स्लावाच्या दोन दिवस आधी मी न्हाणीघरात फरशी पुसून फडकं पिळलं आणि नळाला हात लावला. मनगटापर्यंत काहीतरी सळसळत गेलं. दुखलं नाही. कुणी बारीक चिमटा काढावा तसं. मी हात मागे घेतला, ॲप्रनला पुसला आणि पुन्हा लावला. पुन्हा तेच.

दून्या कामावर होती, फोन स्वयंपाकघरात होता. मी गेलेसुद्धा फोनपर्यंत. पण मग डोळ्यांसमोर आलं: ती येणार, मेन स्विच बंद करणार. ओव्हनमध्ये पाव, फ्रीजमध्ये मांस. वुकाशिन विचारणार का, ती सांगणार, वुकाशिन चिडून दोब्रोसावला सांगणार, आणि स्लावाला मेणबत्ती पेटवताना कूमची खुर्ची रिकामी. हे सगळं खरं आहे. पण देवासमोर खोटं कशाला बोलू? सगळ्यात मोठं कारण वेगळंच होतं. सुनेला फोन करून 'तुझं बरोबर होतं' म्हणायला माझी जीभ उचलेना. दोन दिवसांचाच तर प्रश्न होता.

मी वुकाशिनच्या पायात रबरी चपला घातल्या, म्हटलं फरशी गार आहे. स्वतःही घातल्या. आणि संध्याकाळी इवाला मी स्वयंपाकघरात मोठ्या घमेल्यात आंघोळ घातली. दून्यानं विचारलं, "आज इथं का?" मी म्हटलं, "तिकडं वारा येतो, लेकराला सर्दी होईल." ती म्हणाली, "बरं केलंत." मला वाटलं, चला, निभलं.

स्लावाच्या दिवशी सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही ओव्हन, शेजाऱ्यांकडून आणलेली शेगडी, गिझर, सगळं चालू. पाद्री येऊन गेले, दोब्रोसावनं वुकाशिनच्या बरोबरीनं स्लावाचा पाव फिरवून मोडला, आम्ही गोड गहू खाल्ले आणि लोक जेवायला बसले. कोबीच्या पानातले मांसाचे गोळे मी स्वतः वाढत होते. कूमाला, म्हणजे दोब्रोसावच्या बायकोला, मिलुन्काला, मी टेबलाच्या डोक्याशी बसवलं होतं. दून्या अंगणात खुर्च्या मांडत होती.

मधेच दिवे गेले. ओव्हनचा पंखा बंद, रेडिओ बंद. लोकांनी 'अरेरे' केलं, कुणीतरी वीज कंपनीच्या नावानं एक विनोद केला, सगळे हसले. मला तर हायसं वाटलं. म्हटलं, वीजच गेली, आता नळ चावायचा कुठून?

मिलुन्काच्या हाताला रस्सा लागला होता. "रोसा, हात कुठं धुऊ गं? इथलं सिंक भरलंय तुझं."

"न्हाणीघरात जा ना, नवीन केलंय, बघून पण होईल."

असं म्हटलं मी. अगदी हौसेनं म्हटलं. ती बूट दाराशी काढूनच आत आली होती, आमच्याकडे सगळेच काढतात, पायात नुसते मोजे. तिच्या मोज्यांकडे माझं लक्ष गेलं, आणि तरी मी पुढचं ताट वाढलं.

बाहेरून दून्याचा आवाज आला. ती शेजाऱ्यांच्या खिडकीकडे बघत होती, तिथं दिवा चालू होता. "आपल्या एकट्याकडची गेलीय," ती म्हणाली, आणि मग असं ओरडली की मी तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "न्हाणीघरात कुणी जाऊ नका!" ती धावत आत आली आणि न्हाणीघराकडे न जाता आधी मीटरच्या पेटीकडे गेली. फ्यूज उपसून जमिनीवर फेकला आणि मग न्हाणीघराचं दार उघडलं.

मिलुन्का फरशीवर पडली होती. उजव्या हाताच्या तळव्यावर काळा डाग, ओठ निळे. दोब्रोसाव तिच्या नावानं हाका मारत होता, पण तिला हात लावायला कुणी धजत नव्हतं. दून्या गुडघ्यांवर बसली आणि तिची छाती दाबायला लागली, मोजत, न थांबता. त्यांना तेही शिकवतात. माझ्या हातात वाढायचा चमचा तसाच. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग मिलुन्काच्या घशातून घरघर आली आणि दून्या मागे भिंतीला टेकली, घामानं निथळत.

ॲम्ब्युलन्समध्ये मिलुन्काला घालताना वुकाशिन पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "अहो, वीज नव्हती घरात. वीज नव्हती तर शॉक कसा लागेल?"

"दिवे गेले म्हणजेच तर ती न्यूट्रल तुटली, बाबा. परतीची वाट बंद झाली, म्हणून वीज त्या तुकड्यातून नळात आली," दून्या थकून म्हणाली. "त्या दिवशी मी आईंना तेच सांगत होते."

मी 'कोबी भरतेय' म्हटलं होतं.

मिलुन्का वाचली. खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि काळजाचे ठोके नीट पडत नाहीत म्हणून हॉस्पिटलात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी वीज कंपनीचा माणूस आला, बरोबर एक पोलीस. खांबावर चढून त्यानं बघितलं आणि खाली येऊन सरळ सांगितलं की आमच्या घराला येणाऱ्या न्यूट्रलचा जोड जळाला होता, बरेच दिवस सैल झाला असणार, ती चूक कंपनीची. मग त्यानं न्हाणीघरातलं सॉकेट उघडलं आणि तो बोटाच्या पेराएवढा तुकडा टेबलावर आणून ठेवला.

"आणि ही चूक कुणाची?"

टेबलाशी आम्ही पाच जण बसलो होतो. मी इवाला मांडीवर घेऊन, वुकाशिन, दून्या, आणि दोब्रोसाव. रात्रभर हॉस्पिटलात बसून आलेला, दाढी वाढलेली.

"हे नसतं तर दिवे गेले असते आणि विषय संपला असता," तो माणूस म्हणाला. "हे कुणी जोडलं? आणि गळती पकडणारा स्विच कुठं आहे? बोर्डात त्याची जागा दिसते, स्विच नाही."

दोब्रोसाव टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "या घरात लायसन असलेली इलेक्ट्रिशियन आहे. तिला विचारा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या माणसानं दून्याकडे बघितलं. "तुम्ही?"

"लायसन माझं आहे. काम माझं नाही."

"तुम्ही इथंच राहता ना? तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग कळवलं का नाही?"

दून्यानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी इवाच्या केसांतून हात फिरवत बसले. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच असणार. त्या माणसानं मान हलवली, म्हणाला, "बाई, तुमच्या सहीवर लोक विश्वासानं घरात राहायला जातात," आणि पोलिसाला घेऊन मीटरची पेटी बघायला बाहेर गेला.

दार लागल्यावर वुकाशिन भराभर बोलायला लागला. "दून्या, बाळा, ऐक. तू काय, तरुण आहेस. लायसन काढून घेतील थोडे दिवस, पुन्हा मिळेल. दोब्रोसावकडे लायसनच नाही, त्याला तुरुंगात घालतील. बायको तशी पडलीय. आपला कूम आहे गं तो."

"थोडे दिवस नाही, बाबा. माझ्या घरात माझ्या डोळ्यांदेखत हे झालं असं लिहिलं गेलं, तर कंपनी मला ठेवणार नाही. दुसरी कुणी घेणार नाही. मला हेच एक काम येतं." ती रडत नव्हती. त्यामुळं जास्त लागलं. "आणि कूम, तुम्ही माझं नाव घेतलंत. इवाला हातांवर घेतलेल्या माणसानं."

दोब्रोसावनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. "मी घाबरलो," तो म्हणाला. "सोड मला, मी घाबरलो."

त्या माणसाला परत आत आलेलं मी बघितलं आणि इवाला कडेवर घेऊन उभी राहिले. मी खूप हिमतीची बाई आहे असं सगळं गाव म्हणतं. कसली हिंमत.

"काम दोब्रोसावनं केलं," मी म्हटलं. "स्विच त्यानंच काढला, माझ्यासमोर. सून मीटर लावणार होती, मी तो तिच्या हातातून हिसकावला. ती म्हणाली स्लावा झाल्यावर सगळं उघडते, मीच तिला गप्प बसवलं. आणि नळ चावत होता. दोन दिवस आधीपासून चावत होता. तिनं मला सांगून ठेवलं होतं की चावला तर लगेच फोन करायचा. मी शब्द दिला होता. केला नाही."

वुकाशिन म्हणाला, "रोसा, काय बोलतेस?"

दून्या हळूच म्हणाली, "म्हणून इवाला घमेल्यात."

"हो."

"आणि बाबांना चपला."

"हो."

ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, काहीतरी बोलेल, शिवी देईल, द्यायलाच पाहिजे होती. तिनं माझ्या कडेवरून इवाला उचललं आणि आपल्या कडेवर घेतलं. बस, एवढंच.

पण दोब्रोसावनं तोंडावरचे हात काढले. "तुला माहीत होतं," तो म्हणाला. "तुझ्या नातीला तिकडं जाऊ दिलं नाहीस. आणि माझ्या मिलुन्काला म्हणालीस, जा, नवीन केलंय, बघून पण होईल."

मी म्हणणार होते की तुला वाईट वाटेल म्हणून. त्याच्या तोंडाकडे बघून ते मला म्हणता आलं नाही.

त्यानंतर दोब्रोसाव आमच्या फाटकातून आत आला नाही. त्याच्या खटल्याचं काय होईल ते देव जाणे. मी हॉस्पिटलात गेले तर मिलुन्कानं भिंतीकडे तोंड केलं. मी आणलेलं सूप तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईनं प्यायलं. दून्याची नोकरी राहिली. घरात ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीठ संपलं, इवाला ताप आहे, एवढंच. इवाची आंघोळ ती स्वतः घालायची, कितीही थकून आली तरी. मी म्हणायची, मी घालते ना. ती म्हणायची, नको.

एका रविवारी ती पिशवीत मीटर, टेस्टर आणि वायरीचं वेटोळं भरून गावात गेली आणि तासाभरात परत आली. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेली, पुन्हा तशीच परत. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कूमनी वायरिंग केलेल्या प्रत्येक घरात तो तुकडा आहे. आणि खांबांवरचे जोड सगळीकडे जुने. मी फुकट बघून देते म्हणाले तरी लोक दार उघडत नाहीत. म्हणतात, दोब्रोसावची बायको अंथरुणाला खिळलीय, आणि तू त्याच्या कामात खोट काढत फिरतेस." ती थांबली. "तुम्ही चला. तुम्हाला आत घेतील."

"मी काय सांगू त्यांना?"

"जे त्या माणसाला सांगितलंत ते."

मी डोक्याला रुमाल बांधला आणि निघाले. पहिलं घर ल्युबिंकाचं, आमच्याच गल्लीतलं, माझ्या बरोबरीची बाई. तिनं दार उघडलं, मला बघून हसली, मागे दून्याची पिशवी बघून हसणं आवरलं. "रोसा, यासाठी आलीस? दोब्रोसावला कळलं तर?"

पाद्रीसमोर कबुली द्यायला मला कधी जड गेलं नाही. तो ऐकतो, विसरतो. ल्युबिंका विसरणार नव्हती आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला सांगणार होती. तरी सांगितलं. सगळं. नळ, चपला, घमेलं, मिलुन्काचे मोजे. सांगताना तिच्याकडे बघवेना, तिच्या उंबऱ्याकडे बघत होते.

ल्युबिंकानं रस्त्याकडे एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"आमचा पण चावतो गं. उन्हाळ्यापासून. गिझर चालू असला की जास्त. दोब्रोसावला उगाच वाईट वाटेल म्हणून मी कुणाला बोलले नाही."

दून्या मागून पुढं आली. "काकू, आत्ता गिझर चालू आहे का?"

"आहे ना. सासरे आंघोळीला गेलेत."

दून्यानं पिशवी तिथंच टाकली आणि ल्युबिंकाला बाजूला सारून आत पळाली. मीटरची पेटी कुठं आहे ते तिला विचारावं लागलं नाही, या गावात सगळ्यांची एकाच जागी असते. फ्यूज निघाल्याचा आवाज आला. मी न्हाणीघराच्या दाराकडे धावले, मूठ उगारली, पण वाजवायचं धाडस होईना. आत पाणी पडत होतं. दुसरा कसलाही आवाज नव्हता.

मग म्हातारा बोलला. कुणी दिवा घालवला, डोळ्यांत साबण गेलाय, ह्या घरात माणसाला धड आंघोळसुद्धा करू देत नाहीत, सून तशी आणि सुनेच्या मैत्रिणी तशाच. त्यानं माझ्या आईचासुद्धा उद्धार केला. दून्या हातात फ्यूज घेऊन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, आणि आम्ही दोघी दाराला टेकून त्याच्या शिव्या संपेपर्यंत ऐकत राहिलो.